समुद्राकाठचं गोड पाणी

माय, गेल्या महिन्यात मी बाबांना समुद्र दाखवून आणला. रत्नागिरीला भाड्याची गाडी घेतली आणि चार-पाच दिवस मी स्वतः ती चालवली. तुला हसू येईल. तू गेलीस तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती, दळण आणायला जाताना मी ती हातात धरून चालत जायची. तुझा नातू तेव्हा पाळण्यात होता. आता तो पुण्यात शिकतो आणि मला फोनवर बजावतो, आई, उतारावर गाडी न्यूट्रल करू नको. माझी शाळा नांदुऱ्यात आणि बाबा गावी, एसटीची वाट बघून बघून जीव विटला, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. आता बरी चालवते. बाबांचं मत वेगळं आहे, पण त्यांचं मत कधी कुणासारखं होतं?

समुद्र का, ते सांगते. बाबांना तुझंच दुखणं लागलं, माय. दोन्ही किडन्या. आपल्याकडे आता कुणी ‘काय झालं’ असं विचारत नाही, ‘किती आलं’ असं विचारतात, आणि ज्यानं शाळेची पायरी पाहिली नाही तोही क्रिएटिनिनचा आकडा दशांशासकट सांगतो. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांवर भागणार नाही, डायलिसिस सुरू करा, खामगावला सोय आहे, उशीर करू नका. बाबा म्हणाले, नाही. का नाही, ते सांगेनात. मी रागावले, रडले, तुझ्या जावयानं दुकान बंद ठेवून येऊन समजावलं. बाबा आपले खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिले. पाय इतके सुजलेले की चपलेत अंगठा जाईना. मग एक दिवस, शेंगा सोलता सोलताच म्हणाले, “बाई, मले एक डाव समुद्र दाखव. मंग पाहू तुह्या त्या मशीनचं.” आपल्याकडे ‘पाहू’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठवडाभर चालेल, मीठ बंद, पाणी मोजून द्या, आणि आल्याबरोबर भरती करा. मी रजा टाकली.

आता ती पाण्याची गोष्ट. तुला ती माझ्याहून जास्त ठाऊक आहे, पण क्रमानं लिहिल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. तू सोनाळ्याची, सातपुड्याच्या पायथ्याची. संत्र्याच्या बागा आणि गोड पाणी. आपलं गाव पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणा नाही तर बोअर पाडा, लागतं ते खारं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, चहात दूध टाकलं की फुटतं, घागरीला आतून पांढरा थर धरतो. म्हणून आपल्याकडे मुलगी देताना शेती किती हे मागाहून विचारतात. आधी मुलीचा बाप मुलाच्या घरी येतो, ओसरीवर टेकतो आणि पाणी मागतो, तहान असो वा नसो. पहिल्या घोटाला किती सोयरिकी मोडल्या असतील कोण जाणे. नाना, तुझे वडील, आले तेव्हा त्यांनीही पाणी मागितलं. आजोबांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, तांब्या पुढे केला. नानांनी तो तोंडावेगळा न करता रिकामा केला आणि म्हणाले, पाणी तं आमच्यावाणीच हाये. तिथंच सोयरिक ठरली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू रांजणातलं पाणी तोंडाला लावलंस आणि घरभर पाहुणे असताना अंगणात जाऊन थुंकलीस.

नानांना पाजलेलं पाणी बाहेरून आणलेलं होतं, हे तुला लगेच कळलं. ते कुणी आणलं हे तुला कुणी सांगितलं नाही. तूच ठरवलंस की हा डाव सासऱ्यांचा. बोलणी त्यांनी केली होती, तांब्या त्यांनी दिला होता, मग दुसरं कोण? तू भांडली नाहीस, माहेरी निघून गेली नाहीस. फक्त एक केलंस. आजोबांना तू कधी पाणी दिलं नाहीस. पहिली गरम भाकर त्यांच्या ताटात पडायची, त्यांचं धोतर तू धुवायचीस, शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तूच केलंस. पण पाण्याचा तांब्या तुझ्या हातून त्यांच्यापुढे गेला नाही. ते स्वतः उठून रांजणातून घ्यायचे, आणि मी जरा मोठी झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. एकदा मी तुला विचारलं, “माय, तू काऊन नाही देत आजोबाले पाणी?” तू भाकर थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “त्यायनं माह्या बापाले पाजलं, तेवढं पुरे हाये.” आजोबा ओसरीतच होते. त्यांना ऐकू गेलं. ते नुसतं हसले आणि पान जुळवत बसले. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून लबाड समजत आले. त्यांनी माझे किती लाड केले, जत्रेतून बांगड्या आणल्या, पण माझ्या मनातला तो डाग काही गेला नाही.

पुढे तुला ते दुखणं लागलं. तेव्हा मशीन जवळपास नव्हतं, दूरच्या मोठ्या शहरात खोली करून राहावं लागलं असतं. तू म्हणालीस, परक्या गावी बसून कशाला जगू? आणि गेलीस. पाण्यानंच गेलीस असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, पण गावात कुणाला शंका नाही. मलाही नाही.

तर आम्ही निघालो. नांदुऱ्याहून रेल्वे, वाटेत गाड्या बदलत रत्नागिरी. स्टेशनाबाहेर गाडीवाला उभा होता. माझं लायसन्स बघितलं, मग मोबाइलवर गाडीभोवती फिरून एकेका ओरखड्याचं चित्रण करायला लागला, नंतर वाद नको म्हणून. बाबा त्याच्या मागोमाग वाकून फिरत होते. त्याच्या नजरेतून सुटलेला एक पोचा त्यांनी शोधलाच. “हे बी घ्या जी, हे आमचं नाही.” गाडीत बसले तर पाठ टेकेनात. म्हटलं, बाबा, आरामशीर बसा की. तर म्हणाले, दुसऱ्याची वस्तू हाये. मी रोज सकाळी त्यांची एक लिटरची बाटली भरून समोर ठेवायची, दिवसभरात त्याच्या पलीकडे थेंब नाही. जेवण अळणी. जन्मभर खारं पाणी प्यालेल्या माणसाला म्हातारपणी मीठ बंद, हा काय न्याय आहे मला समजत नाही.

आरे-वारेची चढण तू पाहायला हवी होतीस. एका अंगाला डोंगर, रस्ता चिंचोळा, समोरून एसटी आली की माझा जीव मुठीत. बाबा दाराच्या वरची मूठ धरून माझ्याऐवजी ब्रेक दाबत होते. एका वळणावर डोंगर बाजूला झाला आणि एकदम सगळा समुद्र. खाली सुरूची झाडं, वाळूची लांब पट्टी, आणि त्याच्या पुढे नुसतं पाणी, दिसेल तिथपर्यंत. मी गाडी कडेला घेतली. बाबा खाली उतरून उभे राहिले. म्हणाले, “एवढं पाणी.” मग, “अन् एक घोटबी कामाचं नाही.” उताराला लागून आम्ही वाळूवर गेलो. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, लाट पायांवर येऊ दिली, वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मला माहीतच होतं. ते जातील तिथलं पाणी आधी चाखतात, मग पाहुणचार. “लयच खारं हाये व. तुही माय म्हणे, मले समुद्रात देल्ली. चुकली होती थे. याच्यापुढं आपलं गोडच म्हणा लागते.” हसायला लागले आणि हसता हसता पाठ फिरवून रुमालानं तोंड पुसत राहिले. मी दुसरीकडे बघितलं. मागच्या सीटवर आमच्या पिशव्या होत्या, माय. आरशात बघितलं की त्या दिसायच्या आणि दर वेळी मला वाटायचं, इथे तू असायला हवी होतीस, खिडकीला नाक लावून, प्रत्येक गाव कोणतं ते विचारत.

जयगडला खाडी लागते. तिथे गाडीसकट बोटीत चढून पलीकडे जायचं. बाबांनी बोट बघितली, तिच्यात शिरणाऱ्या गाड्या बघितल्या आणि सरळ खाली उतरले. “गाडीत बसून नावेत बसाचं? एकीवर भरवसा नाही, अन् दोन-दोन.” मी एकटीनं गाडी आत घातली. ते पायी चढले आणि पलीकडे जाईस्तोवर लोखंडी कठड्याला धरून उभे राहिले. खारं वारं तोंडावर येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा मोकळेपणा किती वर्षांत पाहिला नव्हता. तेव्हा मला वाटलं, आता हे ऐकतील. जगावंसं वाटतंय यांना, आता ऐकतील. मी स्टीअरिंगवर हात ठेवून तेवढ्यातच पुढच्या आठवड्याचे बेत करून टाकले.

गुहागरजवळ एका घरी मुक्काम ठरला होता. नारळी-पोफळीची वाडी, तिच्यापलीकडे लगेच किनारा. अंगणात उभं राहिलं तर लाटांचा आवाज यायचा. घरच्या काकू माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, हसऱ्या. आम्ही पायरीवर टेकलो तशा त्या तांब्याभांडं आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आल्या. “दमून आलात, गूळपाणी घ्या आधी.” बाबांना गूळ बंद, मी चिमूटभर दिला. पाण्याचा त्यांनी एकच घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. चेहरा पार बदलला. मला वाटलं, काही दुखलं की काय.

“हे पाणी कुठून आणता जी?” त्यांनी काकूंना विचारलं.

“कुठून म्हणजे? विहिरीचं.”

“कोणाच्या?”

“आमच्याच हो. ती काय, मागल्या दारी.”

बाबांनी मान हलवली. “समुद्र हा इथं हाये. याच्या बुडाशी असं पाणी लागत नाही. तुमी बाहेरून आणलं.”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाबा, काय बोलून राह्यले तुम्ही. काकूंचं हसू जरा उतरलं. “अहो आजोबा, मी तुम्हांला फसवून काय मिळवणार?” त्या साधेपणानंच म्हणाल्या. पण बाबा ताडकन उठले आणि सुजल्या पायांनी मागल्या दाराकडे चालू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला तेव्हा आठवलं नाही, नंतर आठवलं. मी मागून ओरडत गेले, पडाल, घसराल. ते विहिरीपाशी पोचले होते. जांभ्या दगडाचा कठडा, वर रहाट. मला हात लावू दिला नाही. स्वतः दोर ओढून पाणी वर काढलं, ओंजळीत घेतलं, चाखलं. परत घेतलं, परत चाखलं. पावसाचं गोड पाणी वाळूत मुरतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, म्हणून किनाऱ्यालगतही गोड विहिरी लागतात, हे मी नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवते. तेच त्यांना सांगायला लागले. ते ऐकतच नव्हते. कठड्यावर बसले आणि म्हणाले, “गोड हाये व. खरंच इथलंच हाये.” आणि रडायला लागले. तुझ्या मागे मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. तू गेलीस त्या दिवशीही नाही.

“थे पाणी म्या आणलं होतं, बाई,” ते म्हणाले. “तुह्या आजोबानं नाही. म्या.”

मला काही समजेना. कोणतं पाणी? मग समजलं. मी त्यांच्याजवळ कठड्यावर बसले. त्यांनी सगळं सांगितलं. संत्र्याच्या दिवसांत ते बैलबंड्या घेऊन सोनाळ्याला यायचे, माल भरायला. एका बागेत तू त्यांना पाणी दिलंस. “माह्याकडं पाह्यलंबी नाही तिनं. तांब्या ठेवला अन् गेली.” मग म्हणे दुसरी कुठली मुलगी बघायलाच ते तयार होईनात. आजोबांनी कुणाकुणाच्या ओळखीनं सोनाळ्याला निरोप धाडला, नाना यायचे ठरले, आणि नाना पाण्यावर अडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा, बाबांचे आबा, म्हणाले, जाऊ दे लेका, आपलं नशीब. बाबांनी सायकलला दोन कॅन बांधले. “जवळपास कुठं गोड पाणी होतं? सोनाळ्यालेच गेलो. नानाच्याच शेजारच्या बागेतून भरून आणलं. म्हणून तं नाना म्हणे आमच्यावाणीच हाये.” तेवढ्या रडण्यातही त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, आणि माय, खरं सांगते, मलाही.

“आजोबाले माहीत होतं?” मी विचारलं.

“आणल्यावर समजलं. म्हणे, हे बरं नाही केलं तू. पण तांब्या त्यायनंच नानापुढं ठेवला. मंग तुही माय त्यायच्यावर उलटली, तं त्यायनं ऐकून घेतलं. मी दरवाज्यात उभा. उद्या सांगतो, परवा सांगतो म्हणत राह्यलो. आबा आपल्या हातानं पाणी घेऊन पेत, अन् मी जेवता जेवता पाहो. एक डाव म्हटलं त्यायले, सांगून देतो. तं म्हणे, गप राह्य, तिनं तुह्यासंगं बोलणं सोडलं तं घर नाही चालाचं, माहं काय हाये. मंग आबा गेले. मंग थे गेली. आता कोणाले सांगू?”

मला त्यांचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. आजोबांचा विचार मनात येत होता. भरल्या घरात पाण्यासाठी उठणारा म्हातारा माणूस, आणि त्याला लबाड समजणारी मी. तुझा विचार येत होता. जन्मभर तू भलत्याच माणसावर राग धरून बसलीस आणि ज्याच्यावर धरायचा त्याला बिछाना घालून दिलास. मला बोलायचं होतं, फाडफाड बोलायचं होतं. पण बाबाच पुढे म्हणाले, “म्हणून मले थे मशीन नोको. तिले त्या पाण्यात म्या आणलं. तिले मशीन भेटलं नाही, मले काऊन पाह्यजे? तिनं भोगलं तसं भोगतो. फिट्टमफाट. समुद्र पाहाची तिची लय हौस होती, तं म्हटलं तिच्या वाट्याचा पाहून घेतो, अन् मंग जातो.”

त्यांचं ‘पाहू’ काय होतं ते मला तिथे कळलं. ते माझ्याबरोबर खामगावला जायला निघालेच नव्हते. तुझ्याकडे जायला निघाले होते, आणि इतके दिवस मी त्यांना त्या वाटेनं गाडी चालवत नेत होते. त्यांचे पाय कठड्यावरून लोंबत होते, घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतलेला. माझा राग कुठे गेला मला माहीत नाही. भीती तेवढी उरली. आणि माझ्या तोंडून निघालं, “बाबा, मायले माहीत होतं.”

“काय?”

“पाणी तुम्ही आणलं होतं थे. तिनं मले सांगतलं होतं. शेवटी शेवटी.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पकडले गेले. मी पंचवीस वर्षं वर्गात खोटं बोलणारी पोरं ओळखते, स्वतः मात्र बोलायची सवय नाही. “काय म्हणे थे?” त्यांनी हळूच विचारलं.

“म्हणे, तुह्या बापानं सायकलवर सोनाळ्याहून पाणी आणलं माह्यासाठी. एवढं कोण करते.”

ते रहाटाचा दोर हातात घेऊन त्याचा पीळ उलगडत बसले. आतून काकू चहाला हाक मारत होत्या. मला वाटलं निभावलं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. “मंग आबाले पाणी काऊन नाही देल्लं तिनं?”

माय, म्हातारा झाला, थकला, तरी जन्मभर मालाच्या सौद्याला बसलेला माणूस आहे तो. कुठे बोट ठेवायचं ते बरोबर कळतं त्यांना. मी विहिरीत बघत राहिले. पाणी खूप खाली नव्हतं, आमची दोघांची डोकी दिसत होती. मग सुचलं ते बोलले. “राग तुमचाच होता, बाबा. पण तुम्हाले तहानलेलं ठेवणं तिच्यानं झालं नसतं. म्हणून आजोबावर काढला.”

बाबांनीही वाकून विहिरीत बघितलं. “हाव,” ते होकाराची मान हलवत म्हणाले. मग पुन्हा, “हाव. तशीच होती थे.” डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि एकदम भानावर आल्यासारखं विचारलं, “आज बाटलीत किती उरलं व माह्या?” बाटली दुपारीच संपली होती. तसं सांगितलं. “मंग हे एक घोट दे. उद्याच्यातून काप.” मी ओंजळीत दिलं. ते प्यायले, हात पुसले आणि चहाला निघाले. मागल्या दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता विचारलं, “खामगावले कोणकोणत्या वारी जा लागते?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तसेच वर अंजर्ल्याकडे गेलो. समुद्र त्यांच्या बाजूनं होता. ते गाडीत पहिल्यांदा पाठ टेकून बसले आणि वाटभर तुझ्याबद्दल बोलत राहिले. तू पहिल्यांदा केलेला कळण्याचा घाटा, तुझं पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळणं, रेडिओवर गाणं लागलं की चूल विसरणं. मी रस्ता बघत हूं हूं करत होते. उताराला गाडी न्यूट्रल केली नाही.

आता आठवड्यातून दोन वाऱ्या होतात. माझी गाडी, तेच माझ्या शेजारी, अजूनही अधूनमधून ब्रेक दाबतात. हातावर नळी जोडायला शीर तयार केली आहे, ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. सूज उतरली. आत चार खाटांवर चार जण असतात, सगळे आपल्याच पट्ट्यातले, आणि बाबा त्यांना तुझी गोष्ट सांगतात. मी बाहेर बाकावर बसून वह्या तपासत ऐकते. “माह्या बायकोले सारं माहीत होतं जी. पहिल्या दिवसापासून. जन्मात एक शब्द नाही काढला.” पहिल्या दिवसापासून, हे त्यांनी स्वतःचं घातलं आहे. गेल्या वेळी आणखी घातलं की तू पाणी थुंकलीस तेव्हा त्यांच्याकडे बघून थोडी हसलीस. शेजारच्या खाटेवर जाफराबादी आडनावाचे एक चाचा असतात, ते म्हणाले, “नसीबवाले हो भाई.” बाबा म्हणाले, हाव.

माय, तू मला असलं काही सांगितलं नव्हतंस. शेवटच्या दिवसांत तू बोललीस ते बाळाच्या तेलपाण्याबद्दल, तुरीबद्दल. आणि एकदाच, मी तुझ्या ओठांवरून ओला कापूस फिरवत होते तेव्हा, म्हणालीस, “म्हाताऱ्यानं एक डाव कबूल केलं असतं ना, तं मी पाणी देल्लं असतं त्यायले.” तुला काही माहीत नव्हतं. मला पुरतं ठाऊक आहे की तुला काही माहीत नव्हतं. हे वाक्य मी बाबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दोन्हींतलं एकच सांगता येतं, आणि मी जे सांगितलं त्यावर तो माणूस आज जगतो आहे.

आता राहिली एक गोष्ट. मशीननं दिवस वाढतात, माणूस बरा होत नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे. बाबांनाही कळतं. परवा घरी येताना म्हणाले, “तिथं गेलो का पहिले तिले इचारीन, माहीत होतं तं मले सांगतलं काऊन नाही?” आणि खुशीत हसले. मी विज्ञान शिकवते. मेलेली माणसं एकमेकांना भेटतात यावर माझा विश्वास नाही, आणि हा कागद वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवण्यापलीकडे कुठे पाठवायचा तेही मला माहीत नाही. तरीपण लिहिते आहे, कारण त्यांच्या आधी तुला हे कळलेलं बरं. ते आले की विचारतील, तुला माहीत होतं ना. तुला राग येईल, तो माझ्यावर काढ, त्यांच्यावर काढ, तुझा हक्कच आहे. पण तो नंतर. आधी हाव म्हण.